घोळणा फुटला तर कांदा नको, दहा मिनिटे नाक दाबा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

होळी झाली की कोल्हापुरात ऊन चढते आणि लहान मुलांचे घोळणे फुटू लागतात. शाळेतून फोन येतो, अंगणवाडीतून बोलावणे येते. मूल दवाखान्यात पोचते तेव्हा डोक्यावर पाणी ओतलेले असते, नाकात कापूस कोंबलेला असतो, मान मागे टाकलेली असते आणि कुणीतरी फोडलेला कांदा नाकाशी धरून उभे असते. यातल्या एकाही गोष्टीने रक्त थांबत नाही. दोन-तीन गोष्टींनी तर नुकसानच होते. ज्या उपायाने थांबते त्याला पैसे लागत नाहीत, औषध लागत नाही आणि तो आठवीतल्या मुलीलाही शिकवता येतो. तरीही तो नीट माहीत असलेली घरे फार कमी आहेत. म्हणून हे पत्र जरा लांबले आहे. काटछाट करावी लागलीच तर निदान पुढचे तीन परिच्छेद आणि तान्ह्या बाळांविषयीचा मजकूर तेवढा राखावा, ही विनंती.

मुलाला बसवा, झोपवू नका. लहान असेल तर मांडीवर घ्या, त्याची पाठ आपल्या छातीला टेकलेली असू द्या आणि एका हाताने त्याचे दोन्ही हात कवेत धरा. मान किंचित पुढे झुकलेली हवी. हनुवटीखाली वाटी किंवा जुना टॉवेल ठेवा. आता दुसऱ्या हाताचे बोट नाकाच्या दांडीवरून खाली आणा. जिथे हाड संपून बोट मऊ भागावर येते, तिथून खालचा सगळा भाग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. रक्त एकाच बाजूने येत असले तरी दोन्ही नाकपुड्या पूर्ण बंद झाल्या पाहिजेत. मुलाला तोंडाने श्वास घ्यायला सांगा. तोंडात उतरलेले रक्त थुंकायचे, गिळायचे नाही. आणि घड्याळ बघा. सलग १० मिनिटे. मध्ये एकदाही बोट काढायचे नाही.

दोन्ही नाकपुड्यांच्या मध्ये जो पडदा असतो त्याच्या पुढच्या, खालच्या टोकाला चार रक्तवाहिन्यांच्या बारीक फांद्या एकमेकींत मिसळून जाळे करतात. त्या जागेला लिटल्स एरिया म्हणतात. तिथली त्वचा अतिशय पातळ असते, आणि मुलाचे बोट सहज पोचते तीही हीच जागा. मुलांमधले दहापैकी नऊ घोळणे इथूनच फुटतात. मऊ भाग दाबला की नाकपुडीची भिंत नेमकी या जाळ्यावर दाबली जाते. वरचे हाड कितीही आवळले तरी त्याखाली काही दाबले जात नाही. बहुतेक घरांत चूक होते ती इथेच: मंडळी दोन डोळ्यांच्या मधला भाग धरून बसतात आणि 'दाबूनसुद्धा थांबत नाही' म्हणतात.

दुसरी चूक म्हणजे दर मिनिटाला बोट काढून 'थांबले का' बघणे. रक्ताची गुठळी घट्ट बसायला काही मिनिटे लागतात. अर्धवट बसलेली गुठळी बोट काढताच निघते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. रडत्या मुलाला धरून बसताना १० मिनिटे फार मोठी वाटतात. अंदाजाने मोजणारे तिसऱ्या-चौथ्या मिनिटालाच हात काढतात. मोबाइलवर टायमर लावावा. त्याच मोबाइलवर मुलाला कार्टून लावून द्यायलाही हरकत नाही. रडण्याने डोक्याकडचा रक्तदाब वाढतो आणि रक्त जास्त येते. त्यामुळे मूल शांत ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे. आईवडिलांनी आरडाओरडा केला की मूल घाबरते, हे वेगळे सांगायला नको.

१० मिनिटांनी हळूच सोडा. अजून येत असेल तर मोठ्या मुलाला एकदाच हलके शिंकरून सैल गुठळी बाहेर काढायला सांगा आणि परत १० मिनिटे दाबा. एकूण २० मिनिटे नीट दाबूनही रक्त चालूच असेल तर दवाखान्यात न्या, आणि वाटेतही नाक दाबलेलेच ठेवा. दुचाकीवर नेत असाल तर मूल मध्ये आणि मागे बसलेल्याचा हात मुलाच्या नाकावर. रक्त धारेसारखे येत असेल, मूल पांढरेफटक पडले असेल, हातपाय गार असतील किंवा ते पेंगत असेल, तर २० मिनिटांची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत दाबणे चालू ठेवा.

आता कांद्याविषयी. बहुतेक छोटे घोळणे काही मिनिटांत आपोआपच थांबतात, आणि त्या वेळी मुलाच्या नाकाशी कांदा असेल तर श्रेय कांद्याला जाते. प्रत्यक्षात त्या उग्र वासाने शिंक येते आणि शिंकेने गुठळी निघते. डोक्यावर पाणी ओतल्याने मूल गारठते, रक्तावर परिणाम होत नाही. नाकाच्या दांडीवर बर्फ धरल्याने फार फायदा होतो असे नाही. धरायचाच तर फडक्यात गुंडाळून, दाबणे न सोडता. जाणत्या मुलाला बर्फाचा गोळा किंवा कुल्फी चोखायला दिली तर ते स्वस्थ बसते, हा त्यातला खरा फायदा. अगदी लहान मुलाला मात्र बर्फाचे तुकडे देऊ नयेत, घशात अडकतात.

मान मागे टाकणे ही सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत वाईट सवय. तसे केल्याने रक्त थांबत नाही, फक्त दिसेनासे होते. ते घशातून पोटात जाते आणि थोड्या वेळाने काळसर उलटी होते. उलटीचा जोर लागून घोळणा पुन्हा फुटतो. पेंगुळलेल्या मुलाच्या बाबतीत ते श्वासनलिकेत जाण्याचीही भीती असते. रक्त गिळले गेले असेल तर दुसऱ्या दिवशी शी काळी होऊ शकते. एकदा झाली तर घाबरू नये, पण डॉक्टरांना सांगावे.

कापसाचा बोळा सुकलेल्या रक्ताला चिकटतो आणि काढताना खपली ओरबाडून निघते. शिवाय कापूस आत राहून जातो, आठवड्याभराने कुजतो. दूर्वांचा रस, तूप, हळद, तपकीर यांतले काहीही वाहत्या नाकात घालू नका. सर्दीसाठी घरात आणून ठेवलेले नाक मोकळे करणारे थेंबही आपल्या मनाने घालू नयेत. बाटलीवर ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असे लिहिले असेल तर त्या औषधाने रक्तवाहिन्या आक्रसतात हे खरे, डॉक्टर ते कधी कधी वापरतातही. पण लहान बाळात तेच औषध जास्त झाले तर गुंगी येते, नाडी मंदावते, श्वास थांबू शकतो.

रक्त किती गेले, हे ओळखता यावे म्हणून एक हिशेब. मुलाच्या अंगात वजनाच्या दर किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असते. १२ किलोच्या मुलात सुमारे ९५० मिलिलिटर. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर रक्त पांढऱ्या गणवेशावर सांडले तर सगळी छाती लाल दिसते; मुलाच्या दृष्टीने ते काहीच नाही. पण अर्धा कप रक्त गेले असेल तर अंगातल्या रक्ताचा जवळजवळ दहावा भाग गेला, आणि ते दवाखान्यात नेण्याइतके आहे. वाटी धरण्याचा हाही एक उपयोग: 'लई रक्त गेलं' यापेक्षा 'अर्धी वाटी' हे डॉक्टरांच्या कामाचे असते. आणि ३ किलोच्या तान्ह्या बाळात मिळून अवघे २५० मिलिलिटर रक्त असते. तिथे दोन-तीन चमचेही मोजावे लागतात.

तान्ह्या बाळांचा विषय म्हणूनच पूर्ण वेगळा धरला पाहिजे. घोळणा फुटणे हा साधारण २ ते १० वर्षे वयाचा त्रास आहे. २ वर्षांखाली तो क्वचित होतो आणि वर्षाच्या आत तर फारच क्वचित, कारण त्या वयात बाळ नाक कोरत नाही. त्यामुळे वर्षाखालच्या बाळाच्या नाकातून कारण न कळता रक्त आले, तर ते थांबले असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रक्त चालू असेल तर बाळाला उभे, किंचित पुढे झुकलेले धरा, मऊ भाग हलक्या हाताने दाबा आणि लगेच निघा. पहिल्या काही महिन्यांत बाळे मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. म्हणून तोंड उघडे आहे, श्वास चालू आहे, ओठ काळेनिळे पडत नाहीत, यावर सतत नजर हवी. गुदमरल्यासारखे वाटले की लगेच हात काढा. नाकात काहीही कोंबू नका.

सर्दी झालेल्या बाळाच्या शेंबडात रक्ताची एखादी बारीक रेघ दिसणे मात्र वेगळे. ते बहुधा नाक साफ करण्याच्या पद्धतीमुळे होते. पदराचे टोक पिळून नाकात घालणे, कापसाची वात फिरवणे, हेअरपिनने खपली काढणे, शेंबूड ओढायचा रबरी फुगा आतपर्यंत घालून जोरात ओढणे, या सगळ्यांनी आतली त्वचा खरचटते. त्याऐवजी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब आणावेत. बाटलीवर सोडियम क्लोराईड ०.६५ टक्के असे लिहिलेले असते आणि त्यात दुसरे औषध नसते, हे वाचून घ्यावे. हे थेंब आणि वर सांगितलेले नाक मोकळे करणारे थेंब, दोन्हींच्या बाटल्या दिसायला सारख्या असतात. प्रत्येक नाकपुडीत १-२ थेंब, मिनिटभर थांबणे, मग बाहेर आलेले मऊ फडक्याने टिपणे. फुगा वापरायचाच तर आधी बाहेर दाबून हवा काढायची, टोक फक्त नाकपुडीच्या तोंडाशी टेकवायचे आणि हळूहळू सोडायचे. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त नाही. दूध पाजण्याआधी केले तर बाळ नीट ओढून पिते.

मालिशवेळी 'नाक सरळ व्हावे' म्हणून चिमटीत धरून ओढणे आणि नाकात तेलाचे थेंब सोडणे, या दोन्ही गोष्टी बंद व्हायला हव्यात. ओढल्याने नाकाचा आकार बदलत नाही. तेल किंवा तूप नाकातून फुप्फुसात उतरले तर तेलकट न्यूमोनिया होतो आणि तो बरा व्हायला फार दिवस लागतात. अंघोळीनंतरची धुरीही बाळाच्या नाकाला सोसत नाही. मालिश करणाऱ्या मावशींना हे घरच्यांनीच समजावून सांगावे. वर्षानुवर्षे त्यांनी मायेनेच केलेले काम आहे, त्यांच्यावर डाफरून उपयोग नाही.

यापेक्षा गंभीर एक कारण सगळ्या घरांना माहीत असावे. जन्मतः प्रत्येक बाळाला के जीवनसत्त्वाचे १ मिलिग्रॅमचे इंजेक्शन द्यायचे असते. फार कमी वजनाच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम. रक्त गोठायला हे जीवनसत्त्व लागते, आणि बाळाकडे त्याचा साठा जवळजवळ नसतो. आईचे दूध बाळाला सर्वोत्तमच, पण त्यात हे जीवनसत्त्व थोडे असते. इंजेक्शन राहिले असेल, विशेषतः प्रसूती घरी किंवा वाटेत गाडीत झाली असेल, तर साधारण दुसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत अचानक रक्तस्राव होऊ शकतो. नाकातून थोडे रक्त, बेंबीतून रक्त, अंगावर कारण नसता काळेनिळे डाग या त्यातल्या आधीच्या खुणा असतात आणि पाठोपाठ मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. काविळीचा पिवळेपणा दोन आठवड्यांनंतरही टिकला असेल किंवा शी पांढुरकी होत असेल, तर यकृताचा आजार असण्याची शक्यता धरून आणखी घाई करावी. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडकडच्या वाड्यांवर घरभेटीला जाणाऱ्या आशाताईंनी माता-बाल कार्डावर या इंजेक्शनची नोंद आहे का, हे जरूर बघावे. नोंद नसेल तर ते नंतरही देता येते.

डॉक्टर विचारतील त्या प्रश्नांनी पालकांनी दुखावले जाऊ नये. बाळ पडले का, कुणाच्या कुशीत किंवा दुलईखाली नाक-तोंड दाबले गेले का, घरात कुणाला जखमेतून रक्त थांबत नसे का, आईला पाळीत फार रक्त जाते का, हे विचारावेच लागते. नाक-तोंड दाबले गेल्यावरही बाळाच्या नाकातून रक्त येऊ शकते. अशा बाळाला तपासून घेतल्याखेरीज घरी ठेवणे धोक्याचे असते. घरातल्या आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारांचाही असाच पत्ता लागतो. व्हॉन विलेब्रँड हा त्यांतला सगळ्यांत जास्त आढळणारा, मुलामुलींना दोघांनाही होणारा. हिमोफिलिया बहुतेक मुलग्यांत दिसतो.

मोठ्या मुलांत घोळणा वारंवार फुटतो त्याची कारणे बहुधा साधी असतात: नाक कोरणे, सर्दी-ॲलर्जीने आतून आलेली सूज आणि कोरडी हवा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात हवा कोरडी पडते. त्यात उसाच्या फडात पेटवलेला पाला, गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर, घरातली मच्छर अगरबत्ती यांची भर पडते. आतली त्वचा कोरडी पडून खपली धरते, ती खाजते, मूल बोट घालते, खपली निघते. गुडघ्याची खपली रोज काढली तर जखम भरत नाही, तसेच हे. वडीलधारे याला उष्णता म्हणतात आणि कोकम सरबत, सब्जा देतात. मुलाने भरपूर पाणी, सरबत पिणे चांगलेच, त्याला कुणी अडवू नये. पण केवळ त्याने नाकातली खपली भरत नाही. तांबड्या रश्श्याने घोळणा फुटतो हेही खरे नव्हे. घोळणा फुटल्यावर एक दिवस रस्सा टाळायचा तो तिखट म्हणून नव्हे, कढत म्हणून. गरम वाफेने रक्तवाहिन्या फुलतात. कढत दूध, गरम पाण्याची अंघोळ आणि धावाधावही त्या दिवशी नको. शिंकरू नये, आणि शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून शिंकावे.

वारंवार फुटत असेल तर दोन आठवडे नेटाने एवढे करावे. नखे दर आठवड्याला कापावीत. दिवसातून तीन-चार वेळा मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत. दोन वर्षांवरील मुलाला सकाळी आणि संध्याकाळी साधे पेट्रोलियम जेली लावावे. करंगळीच्या टोकावर तांदळाच्या दाण्याएवढे घ्यायचे, नाकपुडीच्या तोंडाशी आतल्या बाजूला टेकवायचे आणि बाहेरून नाक हलके दोन-तीनदा दाबायचे. ते आपोआप पडद्यावर पसरते. बोट पडद्यावर घासायचे नाही, खोल घालायचे नाही आणि लावल्या लावल्या मुलाला आडवे करायचे नाही. पिवळसर खपल्या आणि दुखरेपणा असेल तर तिथे जंतुसंसर्ग आहे. मग डॉक्टर मलम लिहून देतील, ते सांगितलेले सगळे दिवस लावावे. रक्त थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी मलम सोडले की दहाव्या दिवशी मूल परत दवाखान्यात येते.

ॲलर्जीसाठी स्टिरॉइडचा नाकातला फवारा चालू असलेल्या मुलांत फवाऱ्याची दिशा चुकणे हे नेहमीचे कारण आहे. नळी मधल्या पडद्याकडे नव्हे, त्याच बाजूच्या कानाकडे वळलेली हवी. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारले की दिशा आपोआप बरोबर येते. फवारा आपल्या मनाने बंद करू नये. आधी पद्धत तपासून घ्यावी.

एवढे करूनही थांबत नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ नाक बधिर करून फुटणारी नेमकी जागा सिल्व्हर नायट्रेटने डागतात. ते एका वेळी एकाच बाजूला करायचे असते. पडद्याच्या दोन्ही बाजू एकदम डागल्या तर मधल्या कुर्च्याचा (लवचिक, मऊ हाडाचा) रक्तपुरवठा जाऊन पडद्याला भोक पडू शकते. 'एकदाच दोन्ही बाजू करून टाका' असा आग्रह पालकांनी धरू नये.

काही खुणा दिसल्या तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित, घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत काहीतरी अडकले आहे असे समजावे: मणी, चिंचोका, स्पंजाचा तुकडा, वाटाणा. चिमट्याने काढायला गेलात तर ते आणखी आत जाते. खेळण्यातली किंवा रिमोटमधली बटणाएवढी बॅटरी नाकात गेल्याचा नुसता संशय आला तरी त्याच क्षणी निघा. ती काही तासांत पडदा जाळते, आणि नाकात पाणी किंवा थेंब घातले तर आणखी वेगाने. म्हणून इथे मिठाच्या पाण्याचे थेंबसुद्धा घालू नका. ओढ्याला तोंड लावून पाणी पिणाऱ्या मुलाला एकाच बाजूने रोज थोडे थोडे रक्त येत असेल तर जळू असू शकते, तेही डॉक्टरांच्याच हाताने निघू द्यावे. वयात येणाऱ्या मुलग्याचे एक नाक सतत चोंदलेले आणि वारंवार भरपूर रक्त, असे असेल तर नाकाच्या मागच्या भागात रक्तवाहिन्यांची गाठ नाही ना, हे पाहावेच लागते.

आपल्याकडे तालमींची पोरे फुटबॉल खेळतात, आणि नाकावर चेंडू किंवा कोपर बसणे रोजचे. रक्त थांबले की पोरगे परत मैदानात. पण मारानंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दोन्ही नाकपुड्या चोंदल्या, आत पडद्यावर लालसर मऊ फुगवटा दिसला, तर पडद्यात रक्त साकळले आहे. ते दिवसभराच्या आत काढावे लागते. तीन-चार दिवस तसेच राहिले तर कुर्चा नासतो आणि नाक कायमचे मध्ये बसते. डोक्याला मार लागल्यावर नाकातून पाण्यासारखा पातळ द्रव येत असेल, मूल ओकत किंवा पेंगत असेल, तर मोठे रुग्णालयच गाठावे.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत तापाबरोबर किंवा ताप उतरता उतरता घोळणा फुटला तर डेंगी डोक्यात हवा. ताप उतरला म्हणून मूल बरे झाले असे तिथे नसते; धोक्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात. पोटदुखी, सतत उलट्या, गळून जाणे, हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही असेल तर दाखल करावे लागते. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल द्यावे, किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. बाटलीवरची मात्रा वाचा: १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागते, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या औषधाचे ६ मिलिलिटर, आणि २५० मिलिग्रॅम असलेल्याचे फक्त ३. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड आणि ॲस्पिरिन अशा तापात देऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

ताप नसतानाही अंगावर लाल-जांभळे ठिपके, कारण नसता डाग, हिरड्यांतून रक्त, फिकटपणा, वजन घटणे, यांपैकी काही घोळण्याबरोबर दिसले तर रक्ताची तपासणी लगेच करून घ्यावी. फिटसाठी व्हॅल्प्रोएट किंवा हृदयाच्या आजारासाठी ॲस्पिरिन चालू असलेल्या मुलाच्या बाबतीतही डॉक्टरांना कळवावे, पण गोळी स्वतःहून थांबवू नये. आणि महिनोन्महिने थोडे थोडे रक्त जाणाऱ्या मुलाचे हिमोग्लोबिन बघितलेच पाहिजे. शाळेत पेंगते म्हणून आळशी ठरवलेल्या मुलाला लोह कमी पडलेले असते.

शाळांविषयी आमची एक ठोस मागणी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत तपासणीला येतात. त्या भेटीत पाच मिनिटे काढून पथकाने शिक्षकांना आणि अंगणवाडी सेविकांना नाक कसे धरायचे हे मुलाच्या नाकावर प्रत्यक्ष दाखवावे आणि त्यांच्याकडून करून घ्यावे. नुसत्या तोंडी सूचनेने हाडाच्या आणि मऊ भागाच्या मधली जागा कळत नाही. महानगरपालिका आणि जिल्हा परिषदेने प्रत्येक शाळेत, ग्रामीण भागातल्या एकशिक्षकी शाळेतसुद्धा, एक साधी पेटी ठेवावी: हातमोजे, स्वच्छ सुती फडकी, एक वाडगा, मिठाच्या पाण्याचे थेंब आणि एक वही. वहीत मुलाचे नाव, कोणत्या बाजूने रक्त आले, किती वाजता सुरू झाले आणि दाबल्यावर किती वाजता थांबले, एवढेच लिहायचे. एकाच मुलाचे नाव महिन्यात चार वेळा दिसले तर पालकांना बोलावून डॉक्टरांकडे पाठवायचे. शहरात सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात) आणि तालुक्यात ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात अशा मुलाची पहिली तपासणी होऊ शकते. ती वही सोबत द्यावी, तपासणाऱ्याला तिचा उपयोग होतो.

शाळा जूनमध्ये उघडतात. पेट्या आणि प्रात्यक्षिकांची तरतूद त्याआधी, एप्रिल-मेमध्येच करता येईल. जिल्हा परिषदेच्या आरोग्य आणि शिक्षण विभागांनी यासाठी तारीख ठरवली तर प्रात्यक्षिक दाखवायला तालुक्याच्या ठिकाणी यायची आमची तयारी आहे.

आपले,
बालरोग आणि कान-नाक-घसा विभागांत काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका,
कोल्हापूर